बोर्ड भिंतीवर गप्प असतो, त्रास कापताना होतो

घराचं काम काढलं की हल्ली एक प्रश्न हमखास येतो, दादा हा जिप्सम लावताय तो तब्येतीला बरा असतो ना, घरात लहान मुलं आहेत. आणि दुसरा प्रश्न गावाकडून येतो, पडवीवर सिमेंटचे पत्रे आहेत बाबांच्या काळापासूनचे, आता कोणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलंय की त्याने कॅन्सर होतो, तर काढून टाकू का. इंटिरियरच्या कामात असल्यामुळे हे मला बरेचजण विचारतात आणि प्रत्येकाला फोनवर सांगत बसण्यापेक्षा एकदा नीट लिहून टाकतो.

थोडक्यात सांगायचं तर यातला कुठलाही बोर्ड जागेवर लागलेला, कोरडा आणि न तुटलेला असेल तोवर तो घरात राहणाऱ्याला फारसं काही करत नाही. तो कापला, घासला, भोक पाडलं, फोडला किंवा महिनोन्‌महिने ओला राहिला की मग भानगड सुरू होते. म्हणजे कुठला बोर्ड सेफ हे विचारताना तो कोण कापणार, कशाने कापणार आणि कुठे कापणार हेही विचारायला हवं, आणि ते कोणीच विचारत नाही, कारण कापणारा माणूस संध्याकाळी निघून जातो आणि घर आपल्याकडे राहतं.

आधी नावं समजून घेऊ, कारण दुकानात सगळ्यालाच बोर्ड म्हणतात. फॉल्स सिलिंगला आणि हलक्या पार्टिशनला लागतो तो जिप्सम बोर्ड, मधे जिप्समचा थर आणि दोन्ही बाजूंना जाड कागद, साधा असेल तर पांढरा-करडा, ओलाव्यासाठीचा हिरवा, आगीसाठीचा गुलाबी. मग येतो फायबर सिमेंट बोर्ड, ज्याला कोणी व्ही बोर्ड म्हणतं कोणी नुसतं सिमेंट शीट म्हणतं, त्यात सिमेंट, बारीक दळलेली वाळू किंवा फ्लाय ॲश (म्हणजे कोळशाची बारीक राख) आणि कागदाच्या लगद्याचे तंतू. बायसन पॅनल म्हणजे सिमेंट आणि लाकडाचा चुरा. कॅल्शियम सिलिकेट बोर्ड म्हणजे चुना आणि सिलिका वाफेच्या मोठ्या भट्टीत प्रेशरखाली शिजवून केलेला. ऑफिसच्या सिलिंगला दोन बाय दोनच्या चौकटीत बसवतात त्या मिनरल फायबरच्या टाइल्स. हल्ली चीनमधून येतो तो एमजीओ, म्हणजे मॅग्नेशियमवाला बोर्ड. आणि सगळ्यात जुना, सगळ्यात बदनाम तो पन्हळी सिमेंटचा पत्रा, ज्यात सिमेंटबरोबर ॲस्बेस्टॉस असतं.

हे सगळं शेवटी खनिजच आहे, दगडाचेच प्रकार. दगड दगड म्हणून कोणाला काही करत नाही. त्याची पूड किती बारीक होते यावर सगळं अवलंबून आहे.

आपण डोळ्यांनी जी धूळ बघतो, कपड्यावर बसते, नाकात अडकते, शिंक आली की बाहेर पडते, ती त्यातल्या त्यात बरी. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, आणि फुप्फुसाच्या अगदी तळाच्या पिशव्यांपर्यंत जे कण पोचतात ते ४-५ मायक्रॉनच्या खालचे, म्हणजे एकेकटा कण दिसत नाही. असा एक मायक्रॉनचा कण खोलीत वारा अजिबात नसला तरी जमिनीवर बसायला काही तास घेतो. म्हणून कटिंग संपलं, धूळ बसली, चला आता मास्क काढा आणि चहा प्या असं जे चालतं ते चुकीचं आहे, दिसणारी धूळ बसलेली असते आणि न दिसणारी तशीच तरंगत असते. त्यात पंखा चालू असला तर विचारूच नका. वर कोणीतरी कोरडा झाडू मारून खाली बसलेलीसुद्धा परत उठवतो.

आता ॲस्बेस्टॉस, कारण भीती सगळ्यात जास्त त्याची आहे आणि बरीचशी खरीही आहे. हे एक तंतूमय खनिज आहे, त्याचा प्रत्येक तंतू उभा चिरत चिरत जातो आणि शेवटी इतका बारीक होतो की श्वासाबरोबर आत जाऊन फुप्फुसात सुईसारखा अडकतो, शरीराला तो विरघळवता येत नाही, बाहेर टाकता येत नाही. आपल्याकडच्या पत्र्यात पांढरं ॲस्बेस्टॉस म्हणजे क्रायसोटाइल असतं, वजनाच्या साधारण दहा टक्क्यांच्या आसपास, बाकी सिमेंट आणि फ्लाय ॲश. निळं आणि तपकिरी असे अजून प्रकार आहेत, ते जास्त घातक मानतात, पण पांढरं चांगलं आणि निळं वाईट असं काही नाहीये, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरवर काम करणाऱ्या संस्थेने सगळेच प्रकार पहिल्या गटात टाकलेत, म्हणजे माणसाला कॅन्सर करतात हे सिद्ध झालेल्या गोष्टींच्या गटात. त्याने ॲस्बेस्टोसिस होतो म्हणजे फुप्फुस कडक होत जातं, फुप्फुसाचा कॅन्सर होतो, आणि मेसोथेलिओमा नावाचा फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर होतो जो दुसऱ्या कशाने जवळपास होतच नाही. आणि त्याला वेळ लागतो, धूळ आत गेल्यापासून आजार दिसेपर्यंत २० ते ५० वर्षं. त्यामुळेच आमच्या गल्लीत सगळ्यांच्या घरावर पत्रे आहेत कोणाला काय झालं हा युक्तिवाद फारसा टिकत नाही, ज्याला झालं त्याने पत्रा कधी कापला होता हे त्याला स्वतःलाही आठवत नसतं. सिगारेट-बिडी ओढणारा आणि वर ॲस्बेस्टॉसमध्ये काम केलेला माणूस असेल तर फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका नुसता बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढतो. अमेरिकेत १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दोन्ही नसलेल्या माणसाच्या तुलनेत दोन्ही असलेल्याला हा धोका साधारण ५० पट निघाला होता.

युरोपियन युनियनने २००५ पासून हे पूर्ण बंद केलं, ब्रिटनने त्याआधी १९९९ ला, ऑस्ट्रेलियाने २००३ च्या अखेरीला, आणि अमेरिकेने क्रायसोटाइलवर बंदी जाहीर केली ती थेट २०२४ मध्ये. आपल्याकडचा प्रकार गमतीशीर आहे, खाणीतून काढायला आपण नवे परवाने देणं केव्हाच थांबवलं, पण रशिया-कझाकस्तानकडून आणून पत्रे बनवायला चालतं. १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका ग्राहक संस्थेच्या याचिकेवर निकाल देताना कामगाराचं आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं सांगितलं, कारखान्यांना कामगारांच्या तपासणीचे रेकॉर्ड ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं सांभाळायला लावले, पण सरसकट बंदी आली नाही. २००९ मध्ये आपल्या महाराष्ट्रातले राज्यसभा खासदार विजय दर्डा यांनी पांढऱ्या ॲस्बेस्टॉसचा वापर आणि आयात बंद करायचं खासगी विधेयक मांडलं होतं, ते काही पास झालं नाही. २०११ ला बंदीची मागणी परत सुप्रीम कोर्टात गेली आणि तिथेही बंदी घालायला नकार मिळाला. मुंबईकरांना हे लांबचं वाटायला नको, मुलुंडला ॲस्बेस्टॉस सिमेंटचा कारखाना होता, घाटकोपरलाही ॲस्बेस्टॉसचा माल बनवणारा कारखाना होता आणि तिथल्या कामगारांमध्ये ॲस्बेस्टोसिस सापडल्याचं २००५ च्या सुमारास वैद्यकीय जर्नलमध्ये छापून आलेलं आहे.

मग पडवीवरचा पत्रा काढायचा का? माझं मत विचाराल तर, धड असेल, तुटलेला नसेल, खालून पावडर सुटत नसेल तर घाई करू नका. सिमेंटमध्ये तंतू घट्ट धरलेले असतात आणि गप्प बसलेल्या पत्र्यापासून जेवढा धोका आहे त्याच्या कितीतरी पट धोका हौशी माणसाने हातोड्याने पत्रा फोडून काढण्यात आहे. पण जुना होत जातो तसतसं वरचं सिमेंट पावसाने झिजतं आणि तंतू उघडे पडायला लागतात, तेव्हा त्याला पेंट मारून बंद करता येतं. इथे एक मोठी चूक होते, मे महिन्यात पेंट मारायच्या आधी शेवाळ काढायचं म्हणून तारेच्या ब्रशने खसाखसा घासतात नाहीतर गाडी धुवायचा प्रेशर पंप मारतात. तसं करू नका, पाणी मारून भिजवा, मऊ कुंच्याने हलकं काढा आणि वर प्रायमर. पन्हळीत साठलेला गाळ कोरडा झाडू नका, ओला असताना भरून काढा.

पत्र्यावरून पडलेलं पाणी वापरतो त्याचं काय असं कोकणातले लोक विचारतात. पाण्यातून पोटात गेलेल्या तंतूंनी कॅन्सर होतो असा ठोस पुरावा मिळालेला नाही आणि म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात ॲस्बेस्टॉससाठी मर्यादासुद्धा ठरवलेली नाही. पर्याय असेल तर पिऊ नका, भांडी-कपडे-झाडं यासाठी खुशाल वापरा. धोका नाकाने आत जाण्यात आहे, घोटाने नाही.

आणि एक गोष्ट जी कॅन्सरच्या गोंधळात राहूनच जाते. सिमेंटच्या पत्र्यावर माणसाचं वजन पडलं की तो वाकत नाही, एकदम फुटतो. गळती बघायला वर चढलेला माणूस पत्र्यातून सरळ खाली कोबा केलेल्या जमिनीवर येतो, हे दर पावसाळ्याच्या तोंडाला कुठे ना कुठे होतं आणि त्यात जीव जातो. तंतू ३० वर्षांनी त्रास देतील, हे आज देतं. चढायचंच असेल तर पत्र्यावर, खालच्या वाशांवर भार येईल अशा आडव्या फळ्या टाका आणि फळीवरूनच चाला, पत्र्यावर पाय नको, स्क्रूच्या रांगेवर पाय ठेवला की चालतं हेही पूर्ण खरं नाही. आग लागली तर हाच पत्रा तापून फटाक्यासारखा मोठ्याने फुटतो आणि तुकडे उडतात, त्यामुळे जळणाऱ्या शेडजवळ थांबू नका.

जून २०२० मध्ये निसर्ग वादळ रायगडवर आलं तेव्हा श्रीवर्धन, दिवेआगर भागात छपरंच्या छपरं उडाली आणि पत्र्याचे तुकडे अंगणात, बागेत, रस्त्यावर. असे तुकडे ट्रॅक्टरने चिरडून रस्त्याच्या खड्ड्यात भरणं हा आपल्याकडचा ठरलेला उपाय. तो सगळ्यात वाईट, कारण मग जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक गाडीबरोबर त्याची पूड होत राहते. भिजवा, मोठे तुकडे मोठेच राहू द्या, जाड प्लॅस्टिकमध्ये दुहेरी गुंडाळा. कारखान्यांच्या घातक कचऱ्यासाठी महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी अशा ठिकाणी खास जागा आहेत, पण एका घराचे आठ पत्रे तिथे पोचवायची सोय सामान्य माणसाला जवळपास नाहीच, हे सरकारने बघायला हवं. तोवर आपल्या हातात एवढंच, की खोल खड्ड्यात पुरा, वर फूट दोन फूट माती टाका आणि परत उकरलं जाणार नाही अशी जागा निवडा, शेताच्या नांगरटीत नको.

नवीन पत्रा घेताना ॲस्बेस्टॉसवाला आहे की बिनाॲस्बेस्टॉसचा हे डोळ्यांनी कळत नाही, दोन्ही करडेच दिसतात, दुकानदारालाही बऱ्याचदा माहीत नसतं. शिक्का बघा. आयएस ४५९ असेल तर ॲस्बेस्टॉस सिमेंट, आयएस १४८७१ असेल तर दुसऱ्या तंतूंचा. सपाट बोर्डासाठी आयएस १४८६२ असतो, पण त्या बाबतीत दुकानदाराकडून बिलावर ॲस्बेस्टॉस नाही असं लिहून घेतलेलं बरं. जुन्या मालाची खात्री लॅबमध्ये मायक्रोस्कोपखालीच होते. परदेशात राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी एक सांगतो, ब्रिटनमध्ये २००० च्या आधीचं किंवा ऑस्ट्रेलियात १९९० च्या आधीचं घर घेतलं असेल तर सिलिंग, गॅरेजचं छप्पर, बाथरूमच्या भिंतीमागचा बोर्ड यात ॲस्बेस्टॉस असू शकतं, अमेरिकेत १९७० च्या दशकापर्यंतच्या जॉइंट कंपाउंडमध्येसुद्धा, म्हणजे बोर्डांच्या जोडांवर भरतात त्या लेपात, असायचं, तेव्हा युट्यूब बघून भिंत पाडायच्या आधी टेस्ट करा.

ॲस्बेस्टॉस नाही म्हटल्यावर लोक निवांत होतात आणि इथेच मला सांगायचंय, फायबर सिमेंट बोर्ड बिनाॲस्बेस्टॉसचा असला तरी त्यात दळलेली वाळू असते आणि वाळू म्हणजे क्वार्ट्झ, स्फटिक सिलिका. चार इंची ग्राइंडरने हा बोर्ड कापला की जो पांढरा ढग उठतो त्यात हीच सिलिका अतिशय बारीक होऊन उडते. ती फुप्फुसात गेली की तिथे गाठी बनतात, त्या गाठी वाढत जातात, याला सिलिकोसिस म्हणतात, आणि धूळ खाणं बंद केलं तरी तो पुढे सरकत राहू शकतो, औषध नाही. आपल्या पाटीवरच्या पेन्सिली जिथून यायच्या त्या मध्य प्रदेशातल्या मंदसौरमध्ये पेन्सिली कापणाऱ्या कामगारांना हाच आजार व्हायचा.

किती धूळ म्हणजे जास्त? अमेरिकेत २०१६ साली ठरवलेली मर्यादा आहे ८ तासांच्या शिफ्टमध्ये सरासरी एक घनमीटर हवेत ५० मायक्रोग्रॅम. हा आकडा डोक्यात बसत नाही म्हणून असं बघा, १० बाय १० ची १० फूट उंच खोली घेतली तर अख्ख्या खोलीच्या हवेत मिळून दीड मिलिग्रॅमसुद्धा नको, म्हणजे साखरेचे दोन-चार दाणे. ग्राइंडरने एक काप मारला की त्यापेक्षा कितीतरी जास्त माल हवेत जातो. ऑस्ट्रेलियात किचनच्या ओट्याचे कृत्रिम क्वार्ट्झ दगड कोरडे कापणाऱ्या तिशी-चाळिशीतल्या पोरांना सिलिकोसिस व्हायला लागला तेव्हा त्यांनी १ जुलै २०२४ पासून तो दगडच बंद करून टाकला. त्यात सिलिका ९० टक्क्यांच्या आसपास असते, बोर्डात त्याहून बरीच कमी, पण आपल्याकडे कापतात कुठे, तर बंद खोलीत, खिडक्या लावून, कारण सोसायटीवाले ओरडतात धूळ बाहेर येते म्हणून. सोसायटीचा नियम सांभाळायला मिस्त्रीच्या फुप्फुसाचा बळी, अजून काय.

खरं म्हणजे बरेच काप ग्राइंडरशिवाय होतात. ६-८ मिलिमीटरच्या बोर्डावर कार्बाइडच्या टोकाच्या सुरीने पट्टी लावून दोन-चार रेघा ओढायच्या, कडेवर ठेवून मोडायचा, सरळ तुटतो, धूळ नावाला. फायबर सिमेंट कापायची कात्रीसारखी मशीन मिळते, तीही चांगली. जाड बोर्ड आणि आतले गोल काप राहतात, त्यांना पाणी सोडत कापायची सोय असलेला कटर किंवा व्हॅक्यूम जोडता येणारी करवत मशीन, आणि काम टेरेसवर किंवा खाली मोकळ्या जागेत, वारा पाठीकडून. हे लिहिताना एक सूचना, साध्या ग्राइंडरवर बाटलीने पाणी ओतत कापायचा जो जुगाड चालतो तो करू नका, ती मशीन पाण्यासाठी बनलेली नसते, सिलिकोसिस टाळायला जाऊन शॉक बसायचा. कॅल्शियम सिलिकेट बोर्डातली बरीचशी सिलिका भट्टीत चुन्याबरोबर जुळून गेलेली असते म्हणून तो त्यातल्या त्यात कमी त्रासाचा, तरी काळजी तीच.

जिप्सम या सगळ्यात साधा माणूस. मऊ आहे, सुरीने रेघ मारून मोडतो, त्याच्या धुळीने डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो, पण सिलिकोसिस-कॅन्सर हा त्याचा विषय नाही. खरी धूळ बोर्डाची नसते, जोडांवर भरतात त्या कंपाउंडची असते. टेप लावून, कंपाउंड भरून, वाळलं की पॉलिश पेपरने घासतात तेव्हा खोलीत समोरचा माणूस दिसत नाही इतकी पांढरी धूळ होते, त्या कंपाउंडमध्ये चुनखडी, अभ्रक, टाल्क आणि कधीकधी थोडी सिलिकाही असते. अमेरिकेतल्या कामगार आरोग्य संस्थेने १९९० च्या दशकात हे मोजलं तेव्हा घासणाऱ्याच्या तोंडाशी धूळ तिथल्या कायद्याच्या मर्यादेच्या दहापटीपर्यंत सापडली होती. उपाय स्वस्त आहे, कंपाउंड पूर्ण वाळायच्या आत ओल्या स्पंजने सपाट करायचं, किंवा लांब दांड्याचा पेपर वापरायचा म्हणजे डोकं धुळीपासून लांब राहतं. मुळात हात चांगला असलेला कारागीर घासायला फार ठेवतच नाही.

आगीच्या बाबतीत जिप्समचं कौतुक करायलाच हवं. त्याच्या स्फटिकात वजनाच्या जवळपास २१ टक्के पाणी बांधलेलं असतं, आग लागली की आधी ते पाणी वाफ होऊन उडतं आणि ते संपेपर्यंत पलीकडची बाजू फार तापत नाही. नीट बसवलेलं, दोन्ही बाजूंना साडेबारा मिलिमीटरचा एकेक बोर्ड असलेलं पार्टिशन साधारण अर्धा तास आग थोपवतं. अर्थात इलेक्ट्रिशियनने त्यात ताटाएवढं भोक पाडून वायर काढली आणि ते तसंच सोडलं तर हा हिशोब संपला.

जिप्समचा खरा शत्रू पाणी, आणि मुंबई-कोकणात पाणी म्हणजे वरच्या फ्लॅटचं बाथरूम. सिलिंगवर पिवळा डाग येतो, आपण वरच्यांशी भांडतो, ते म्हणतात आमचं नाहीच, कमिटी म्हणते दोघं बघून घ्या, आणि या सगळ्यात दोन महिने बोर्ड ओला. बोर्डावरचा कागद हे बुरशीचं आवडतं खाणं आहे, आणि बुरशी वरच्या न दिसणाऱ्या बाजूला आधी येते. दमा किंवा ॲलर्जी असलेल्या माणसाला, लहान बाळाला याचा त्रास होतो. ओला झालेला बोर्ड एक-दोन दिवसांत पूर्ण वाळवला तर वाचतो, त्यानंतर मऊ पडलेला किंवा काळे ठिपके आलेला भाग कापून काढून टाकायचा, वरून पेंट मारला की बुरशी झाकली जाते, जात नाही. हिरवा बोर्डसुद्धा दमट हवेसाठी आहे, गळतीसाठी नाही, हे बाथरूमला तोच लावून निर्धास्त झालेल्यांनी लक्षात ठेवा. आणि पाणी भरून फुगलेलं सिलिंग जड होऊन खाली येतं, त्याखाली पलंग असेल तर सरकवा.

जिप्सम रेडिओॲक्टिव्ह असतं असा मेसेजही फिरतो. त्यात अर्धसत्य आहे. खत कारखान्यात फॉस्फोरिक ॲसिड बनवताना जे जिप्सम उरतं त्यात मूळ दगडातलं रेडियम थोडं उतरतं, त्याला फॉस्फोजिप्सम म्हणतात. असलं जिप्सम बांधकामात वापरायला आपल्या अणुऊर्जा नियामक मंडळाने मर्यादा घालून दिलेली आहे, आणि चेंबूरच्या खत कारखान्याने यापासून भिंतीचे मोठे पॅनलही बनवलेले आहेत. मर्यादेत असलेला माल आणि खिडक्या उघडणारं घर असेल तर यावर झोप उडवायचं कारण नाही.

वाईट माल कसा असतो त्याचं उदाहरण अमेरिकेत मिळालं. २००५ च्या कॅटरिना वादळानंतर घरं परत बांधायला बोर्ड कमी पडले, चीनमधून मागवले, आणि फ्लोरिडा-लुईझियानाच्या दमट हवेत त्यातल्या काही बोर्डांतून गंधकाचे वायू सुटायला लागले. घरात सडक्या अंड्याचा वास, एसीचे तांब्याचे कॉइल काळे पडून फुटायचे, वायरी काळ्या, लोकांना डोकेदुखी, डोळ्यांची जळजळ. शेवटी हजारो घरांचे बोर्ड उपटून काढावे लागले.

एमजीओ बोर्डाची गोष्ट यापेक्षा आपल्या जवळची वाटते, घडली जरी डेन्मार्कमध्ये. २०१० नंतर तिथे बऱ्याच इमारतींना बाहेरून हे बोर्ड लावले, जळत नाही, हलका, स्वस्त. त्यात जोडणारा पदार्थ मॅग्नेशियम क्लोराइडचा, आणि ते मीठ हवेतलं पाणी ओढतं. हवेतला ओलावा ८०-८५ टक्क्यांच्या वर टिकून राहिला की बोर्डातून खारट पाणी थेंब थेंब गळायचं, बोर्ड अक्षरशः रडायचे, स्क्रू गंजले, मागचं लाकूड ओलं, मग सगळं काढून बदलायचा कोट्यवधींचा खर्च. आता रत्नागिरी-मुंबईचा जुलै-ऑगस्ट आठवा. तिथे ८०-८५ हा नेहमीचाच आकडा. त्यामुळे कोणी एमजीओ स्वस्तात देत असेल तर क्लोराइडचा आहे की सल्फेटचा हे विचारा, आणि कोकणात बाहेरच्या बाजूला क्लोराइडवाला लावू नका असं माझं स्पष्ट मत आहे.

ऑफिसच्या मिनरल फायबर टाइल्सबद्दल फार सांगण्यासारखं नाही. त्यातल्या रॉकवूल-स्लॅगवूलबद्दल आधी कॅन्सरची शंका होती, २००२ मध्ये त्याच जागतिक कॅन्सर संस्थेने ती शंकेची पायरी खाली आणली, कारण हे तंतू फुप्फुसात बऱ्यापैकी विरघळतात. हाताला खाज येते, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, काम झाल्यावर आधी थंड पाण्याने हात धुवा, चोळू नका. बायसनमध्ये सिमेंट आणि लाकूड दोन्हीची धूळ, तो कापतानाही मास्क हवा.

मास्कचं मात्र नीट सांगतो कारण तिथे सगळ्यात जास्त नाटक चालतं. तोंडाला बांधलेला गमछा, रुमाल, कोविडमधला निळा सर्जिकल मास्क, यांनी दिसणारी धूळ अडते, बारीक कडेने आत जाते. एन-९५ किंवा आयएस ९४७३ चा शिक्का असलेला एफएफपी-२ हवा, नाकावरची पट्टी दाबून बसवलेला, आणि दाढी असेल तर तो कडेने बसतच नाही. ॲस्बेस्टॉसचा पत्रा काढायचा असेल तर एफएफपी-३, आणि एकदा वापरला की फेकायचा. कामाचे कपडे घरी नेऊन बायकोने झटकून धुवायचे हा प्रकार तर बंदच करा, कारखान्यात कधी पाऊल न टाकलेल्या बायकांना नवऱ्याच्या कपड्यांवरच्या ॲस्बेस्टॉसने मेसोथेलिओमा झाल्याची उदाहरणं जगभर नोंदलेली आहेत. साइटवरच कपडे बदलायला कोपरा द्या, घरमालकांनो, एक बाथरूम वापरायला दिलं म्हणून काही बिघडत नाही. साफसफाईला ओला पोछा किंवा हेपा फिल्टरचा, म्हणजे अगदी बारीक कणही अडवणारा व्हॅक्यूम. घरातली माणसं, विशेषतः लहान मुलं, कटिंग आणि घासकामाच्या दिवसांत दुसरीकडे राहू शकली तर उत्तम, नाहीतर त्या खोलीच्या दाराला प्लॅस्टिक आणि टेप लावा, आणि एसी बंद ठेवा, नाहीतर धूळ फिल्टरमध्ये जाऊन बसते.

हे काम रोज करणाऱ्यांनी डॉक्टरकडे गेल्यावर आपण काय काम करतो ते स्वतःहून सांगा, डॉक्टरने विचारलं नाही तरी. सिलिकोसिसचा खोकला, दम, वजन उतरणं, एक्स-रे वरचे ठिपके हे सगळं टीबीसारखं दिसतं, आणि आपल्याकडे टीबी समजून सहा महिने गोळ्या खाल्ल्या पण फरक नाही अशी माणसं भरपूर आहेत, त्यात सिलिकोसिस असलेल्याला टीबी होण्याची शक्यताही वाढलेली असते त्यामुळे कधीकधी दोन्ही एकत्र असतात. जुने एक्स-रे फेकू नका. सिलिकोसिस आणि ॲस्बेस्टोसिस दोन्ही कामगार कायद्याने नोंद करायला लागणारे आजार आहेत, पण फॉल्स सिलिंगचं काम करणारा पोरगा कुठल्या कारखान्याच्या हजेरीपटावर नसतो, ईएसआयसीत म्हणजे कामगार विमा योजनेतही नसतो. त्याच्यासाठी निदान राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची नोंदणी आहे, वय १८ ते ६० आणि मागच्या १२ महिन्यांत ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, तो दाखला देताना बरेच ठेकेदार टाळाटाळ करतात. आपल्या घरी काम चालू असेल तर ठेकेदाराला तेवढं विचारा, पोरांची नोंदणी झाली आहे का, आणि नसेल तर शेवटचा हप्ता द्यायच्या आधी दाखल्यावर सही करायला सांगा.